उजेडातला डोंगर

पायथ्याशी बैलगाडी थांबली तशी दगडाबाई आपली आपण खाली उतरली, पदर कमरेला खोचला आणि पाऊलवाटेला लागली. वैजनाथ गाडीवानाशी बोलून वळला, तोवर त्याची आई पहिल्या वळणाआड गेलीसुद्धा होती.

वैजनाथ औरंगाबादेत वकिली करायचा. त्याची बहीण भागूबाई डोंगरापलीकडं खानदेशात दिलेली. तिच्या मुलाचं बारसं होतं आणि तिकडं जायला आता मोटार होती. मोटार घाटानं फिरून जाते, पण थेट गावात सोडते, हे त्यानं आईला परोपरीनं समजावलं. कोर्टात त्याचं ऐकत, घरात नाही. तिला गौताळ्याच्या डोंगरावरूनच जायचं होतं, पायी, आणि भर उजेडात.

या वाटेनं ती एकदा गेली होती, पण ते काही खरं जाणं नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत गाव रिकामं झालं तेव्हा ती हिवतापानं फणफणलेली. वैजनाथानं आणि त्याच्या चुलतभावानं तिला घोंगडीच्या झोळीत घालून रातोरात, अंधारातून, निजामाच्या हद्दीपार नेलं. वाटेत तिनं काही विचारायला तोंड उघडलं की आवाज कुणाच्या कानी जाऊ नये म्हणून वैजनाथ त्यावर हात ठेवायचा. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं घरोघर परतली. त्यालाही आता सहा-सात वर्षं उलटली होती. वैजनाथानं मात्र या डोंगराचं नाव पुन्हा काढलं नव्हतं. बायकोपाशीही नाही.

"तवा तुम्ही मला नेलं," दगडाबाई निघताना म्हणाली होती. "आता मी तुला नेते."

पाऊस नुकताच सरला होता. वाटेच्या दोन्ही अंगांना गवत छातीला लागत होतं. सागाला पांढरा मोहोर आलेला, आणि उतारच्या उतार तेरड्यानं गुलाबी झालेले. दगडाबाई दहा पावलं चालायची, थांबायची, सगळीकडं बघून घ्यायची. दम लागतो म्हणून ती थांबत नव्हती. शेतात ती अजून तरण्या बाईएवढी राबायची. ती बघायला थांबत होती.

वैजनाथाचं चालणं तिच्या ध्यानात आलं. मान खाली, पाय भराभर. कुठं दगड घरंगळला, पाखरू भुर्रकन उडालं, की तो गर्रकन मागं बघायचा. झाडीतून नीलगाईचा एक नर, रोही, बाहेर आला, वाटेत उभा राहून त्यांच्याकडं बघत राहिला आणि सावकाश उतरून गेला. दगडाबाईनं लेकाकडं पाहिलं. त्यानं छत्री काठीसारखी घट्ट धरली होती.

अर्ध्या चढावर पाण्याचा आवाज यायला लागला. वळण ओलांडलं आणि समोर काळ्या कड्यावरून धबधबा कोसळत होता. वाऱ्याचा झोत आला की पाणी मधूनच उचललं जाई, त्याचा धूर होई, आणि मग ते उशिरानं खाली पडे.

हेच का ते पाणी, तिनं विचारलं. झोळीत तिला हा आवाज आला होता आणि आपल्याला तापात भास होतोय असं तिला वाटलं होतं.

"ठाऊक नाही," वैजनाथ म्हणाला. "मी पायाखालीच बघत होतो, माय. तू पडू नयेस म्हणून."

"व्हय. नाय पडले मी," ती म्हणाली. "आता वर बघ."

त्यानं वर पाहिलं. आधी ती म्हणाली म्हणून, आणि मग नजर खाली यायलाच तयार होईना. कड्याच्या कपारीत पिवळी सोनकी दाटली होती. पाण्याच्या धुरातून ऊन आरपार येत होतं. कड्याच्या वर, खूप वर, एक घार पंख न हलवता फिरत होती. त्यानं वहाणा काढल्या, धोतर वर घेतलं आणि तो पाण्यात उतरला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याची टोपी, खांदे, मिशा सगळं भिजलेलं होतं. छत्री काठावर पडली होती. ती दगडाबाईनं उचलून घेतली.

माथ्यावर हद्दीची जुनी चौकी होती. छप्पर गेलेलं, भिंतींवर वेल चढलेले. वैजनाथाचे पाय तिथं आपोआप अडले. दगडाबाई थांबली नाही. ती चौकीशेजारून पलीकडं गेली, एका सपाट दगडावर बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. मग तोही गेला.

तिथून दोन्ही मुलूख दिसत होते. मागं त्यांच्या गावाकडची बाजरी, कपाशी, पुढं पार आभाळाला टेकलेला खानदेश. मध्ये नुसता हिरवा डोंगर.

"यातली हद्द कोणती रे?" दगडाबाईनं विचारलं.

वैजनाथ मागच्या चौकीकडं बघत भाकरी मोडू लागला.

खानदेशाकडच्या उतारावर काही बायका गवत कापत होत्या. त्यातल्या एकीनं त्यांना पाहिलं, विळा कमरेला अडकवला आणि खालून अहिराणीत हाक घातली.

"कोण शे वर? कोणता गावना?"

वैजनाथाच्या हातातला घास थांबला. या डोंगरावर त्यानं कुणाला कधी उत्तर दिलं नव्हतं. त्यानं आईकडं पाहिलं. दगडाबाई निवांत भाकरी चावत होती. तिनं नुसती हनुवटी पुढं केली, की तुलाच विचारतायत.

तो उठला. कड्याच्या टोकापर्यंत गेला. तोंडाशी दोन्ही हात धरून त्यानं गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, मग आपलं. तिन्ही नावं एकेक करून समोरच्या दरीतून फिरून माघारी आली.

खाली बायका हसल्या. एकीनं हात हलवला.

"आणखी एकदा सांग," मागून दगडाबाई म्हणाली. "लई लांब हाय. पोचलं नसंल."