नळ आले!

जगातल्या तळाच्या संघांची फुटबॉल स्पर्धा ऐन दुष्काळात आमच्या संभाजीनगरात भरली. एका बेटाचा संघ चार गोलांनी मागं होता, आणि बघायला काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. तेवढ्यात मैदानामागच्या नव्या कॉलनीत गलका उठला, "नळ आले! पळा, लई जोरात हायेत!" हंडे-बादल्या खणखणल्या. आठवड्यानं पाणी सुटलं होतं. बेटाच्या खेळाडूंनी चमकून तिकडं पाहिलं, हात उंचावले, आणि असे धावले की गोल झालाच. स्पर्धेतला त्यांचा पहिला.

त्यांची दुभाषी मनस्विनी मात्र खजील झाली. मॅच संपल्यावर तिनं कॅप्टनला सांगूनच टाकलं, "तो जल्लोष तुमच्यासाठी नव्हता हो. पाणी आलं होतं."

"हंडे वाजले तेव्हाच कळलं होतं ना," तो हसला. "आमच्या बेटावरही पाणी आलं की अस्संच ओरडतात. वाटलं, घरच्या मैदानावर खेळतोय."