विहीणबाईंचा थंड फोन

लखनौभरातल्या मोबाइलांच्या बॅटऱ्या किती तापल्या, यावरून बाहेरच्या हवेचं तापमान काढायचं, हे विश्वजितचं काम. आईचा आणि सासूचा फोनही त्यानं त्यात जोडला होता. “विहीणबाईंचा आकडा घेतोस, माझा का नाही?” यमुनाबाईंनी जेवताना विचारलं. “आई, त्यांचा एकदम सही येतो. तुझा फोन कायम तापलेला. दिवसभर कीर्तनं लावतेस!” सख्ख्या आईपेक्षा निशातगंजची सासू सही! यमुनाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. “त्यांचा बरा तापत नाही?” “व्हरांड्यात नुसता पडून असतो. सासरे गेल्यापासून त्यांना फोन करतंय कोण?” यमुनाबाईंच्या काळजात चर्र झालं. दुपारी त्यांनीच फोन लावला. “विहीणबाई, बुवांचं कीर्तन पाठवलंय. ऐका, पूर्वरंगातच डोळे भरतात. उद्याही पाठवते.” संध्याकाळी विश्वजित वैतागून आला. “आई, आज सासूबाईंचाही आकडा बाद झाला!” “अरेरे!” म्हणताना हसू लपवायला यमुनाबाईंना पदर पुरेना.