फुलाच्या खाली

सुनेने दोन जाड कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तिसऱ्यांदा घसा खाकरला.

"अगं, बोल की आता," सासूबाई म्हणाल्या. "गाणं म्हणायचंय का?"

वनस्पतींच्या या संग्रहालयात सासूबाईंनी उभं आयुष्य काढलं होतं. आता नजर गेल्यातच जमा होती आणि त्यांची खुर्ची सुनेकडे आली होती. दोन्ही कागदांवर रानथाइमच्या, ओव्यासारख्या वासाच्या झुडपाच्या, वाळलेल्या काड्या चिकटवलेल्या होत्या. एक मोठी जात, कुठेही उगवणारी. दुसरी रांगती, दुर्मीळ. मागच्या टेकडीवर आता फक्त मोठीच उरली, रांगती कायमची गेली, असं तीस वर्षांपूर्वी सासूबाईंनीच लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

"आई, टेकडीवरून शेवटी आणलेल्या या काडीला तुम्ही तेव्हा मोठी म्हटलंय. मला ही रांगती वाटते."

"वाटते म्हणजे? देठ पाहिलास?"

"पाहिला. मोठीच्या देठाला फक्त चार कडांवर लव असते. हिला चोहोबाजूंनी आहे. आज टेकडीवरून ताजी काडीही आणलीय, तीही अशीच."

सासूबाईंनी हात पुढे केला. भिंगाचा त्यांना उपयोग नव्हता. ताज्या काडीचा, फुलाच्या लगेच खालचा देठ त्यांनी ओठावर टेकवला आणि हळूहळू फिरवला. मग उलटा फिरवला.

"बुडाशी पाहिलं मी तेव्हा," त्या पुटपुटल्या. "अंधारून आलं होतं, घाई होती. बुडाशी लव झिजलेली असते. इथं शिकायला येणाऱ्या पोरांना जन्मभर ओरडले, फुलाखाली बघा, फुलाखाली बघा..." आणि त्या चक्क हसायलाच लागल्या. "चुकले गं! सपशेल चुकले!"

"तीन दिवस सांगायचा धीर होत नव्हता, आई."

"तीन दिवस? तुझी चूक मी तीन मिनिटांत काढली असती."

कागदावरची जातीच्या नावाची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, तिच्याखाली नवी लावायची, हा तिथला शिरस्ता. सुनेने कोरी चिठ्ठी घेतली.

"काय लिहू? नुसतं 'दुरुस्ती'?"

"माझं नाव घालून लिही, चुकले म्हणून. ठळक अक्षरात." काडी अजून ओठाशीच होती. "पण त्याच्या आधी लिही, 'आहे'."