कठड्याची उंची

“पूल वाहून गेला हे वरचं ऑफिस मानतंय,” सल्लागार बाई म्हणाल्या. “तो पक्का होता, त्याला कठडा होता, हे मानत नाही. पुरावा नसेल तर ओंडके टाकण्यापुरते पैसे मिळतील.”

नगरपालिकेच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. नकाशांचा कपाटातच लगदा झाला होता. दवाखाना नदीपलीकडे. सध्या पेशंट होडीतून जात होते.

“जुना फोटो?” बाईंनी विचारलं.

हेडक्लार्कचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

“मागचा सल्लागारही असाच गोड बोलायचा,” ओव्हरसियर म्हणाला. “मूळ कागद घेऊन गेला तो गेलाच. दुधानं तोंड पोळलंय बाई आमचं. ताकही फुंकून पिणार.”

“खुशाल फुंका. पण पाचच्या आत. आज भरपाईच्या अर्जाची मुदत संपते.”

हेडक्लार्कने पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. त्यावरचं बोट मात्र उचललं नाही. पुलावर, कठड्याला टेकून एक बाई हसत उभी होती.

“मूळ मिळणार नाही. इथंच बघा.”

बाईंनी हात न लावता मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. मग वाकून पाहिलं.

“यांची उंची किती?”

“माझ्या बायकोची उंची कशाला हवी तुम्हाला?”

“त्यांच्यावरून कठडा मोजता येईल. माहीत नसेल तर फोन करून विचारा ना.”

“फोन करून विचारण्यासारखं राहिलं नाही आता. तिला जाऊन दोन वर्षं झाली.”

बाईंनी पर्समधून टेप काढली.

हेडक्लार्क उठला. भिंतीशी ताठ उभा राहिला आणि हनुवटीखाली आडवा हात धरला. “इथं यायचं तिचं डोकं.”

बाईंनी गुडघे टेकून जमिनीपासून हातापर्यंत टेप लावली. “पाच फूट एक.”

“थांबा,” ओव्हरसियर म्हणाला. “पायात उंच टाचेची चप्पल असली तर? वरचे लोक नेमकं तेच धरतील.”

“अनवाणी होती,” हेडक्लार्क म्हणाला. “चप्पल नदीत पडली, म्हणून तर हसतेय.”

बाईंनी आकडा लिहिला, टेप गुंडाळली. “झालं माझं.”

हेडक्लार्कचा हात अजून तिथंच होता.