दुसरी बाजू

"बाबा, हळू. घाई नको," लेक म्हणाली.

रंगाऱ्याला हवाच पुरत नव्हती. जन्मभर छतं रंगवून उजवा खांदा कामातून गेला होता. बारीक भोकं पाडून, दुर्बिणीनं तो नीट केला. तोवर सगळं झकास होतं. शुद्धीवर आल्यावर मात्र ओठ निळे पडायला लागले.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई धावत आल्या. "खांदा बधिर करायला मानेत इंजेक्शन देतो ना, त्यानं क्वचित त्या बाजूचा श्वासाचा पडदाही झोपतो. औषध उतरलं की होतो जागा. तोवर दुसरी बाजू सांभाळून घेते."

दुसरी बाजू काही सांभाळून घेईना. घट्ट मास्क बसवला, मशीन लावलं, एक्स-रे काढला.

लेकीचा जीव टांगणीला लागला होता. अशा वेळी तिचं तोंड सुरू व्हायचं. "लाज वाटू द्या जरा! मी टपालाची पिशवी घेऊन दिवसभर जिने चढते, तेही उसन्या फुफ्फुसावर. आणि तुम्ही पहिल्याच मजल्यावर भिंतीचा रंग बघत उभे!"

खोटं नव्हतं ते. लहानपणी तिची फुफ्फुसं निकामी झाली, तेव्हा कुणा अनोळखी दात्यानं तिला वाचवलं. अजूनही जिना चढून झाला की ती त्याला मनातल्या मनात हात जोडायची.

मास्कवरचे डोळे हसले.

डॉक्टरबाई एक्स-रे घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "ऑपरेशनआधी मी विचारलं होतं, पूर्वी काही शस्त्रक्रिया? तुम्ही हिच्याकडे बघितलंत आणि नाही म्हणालात."

"नाहीच झाली," लेक म्हणाली. "बरगडीवरचा व्रण होय? माझं ऑपरेशन झालं तेव्हाच बाबा शिडीवरून पडले होते. मी दवाखान्यात आणि हे तिकडे घरी पडलेले! मला भेटायलासुद्धा येता आलं नाही."

"डाव्या फुफ्फुसाचा खालचा अख्खा भाग नाहीये. म्हणून ती बाजू कमी पडली." डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. "अहो, एवढ्याशावर इतकी वर्षं छतं रंगवलीत?"

"नाहीये म्हणजे? गेला कुठे?" लेक म्हणाली.

डॉक्टरबाई मशीनकडे वळल्या. ते चालूच होतं. हळूहळू औषध उतरलं, ओठांवर रंग आला, आणि लेकीनं हुश्श केलं.

रंगाऱ्यानं डाव्या हातानं मास्क जरा उचलला.

"उसनं नाही गं ते," तो म्हणाला. "घरचंच आहे."