चिलखताचं माप

मालिकेच्या हिरोचं वागणं कडूबाईला पटलंच नाही. कमरेला टेप लावली, की हा श्वास रोखून पोट आत ओढायचा. घोडेगावच्या बाजारात घोड्यांची खोगिरं शिवून विकण्यात तिची हयात गेली होती. त्याच्या भूमिकेसाठीचं चामड्याचं चिलखत तिने चार बोटं सैल कापलं.

"आजी, कागदावर छत्तीस लिहिलंय. ढगळ झालं तर परत पाठवीन," मालिकेचा कपडेपट सांभाळणाऱ्या दिशाने बजावलं.

शूटिंगच्या दिवशी हिरोने चिलखत चढवलं, तलवार उपसून आरोळी ठोकली आणि धापा टाकत खाली बसला. पट्टा ताणला नाही की घसरला नाही. दिशाने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

कडूबाई हिरोसमोर जाऊन उभी राहिली.

"खोगिराचा पट्टा आवळताना घोडं पोट फुगवून फसवतं, लेका. तू आत वढून फसवतोस. माप मी दोघांचं बी डोळ्यानंच घेते."