अख्खं पान

सर्वपित्री अमावास्येला सकाळी साडेअकरा वाजता सुमेधचं लग्न ठरलं. अर्थात तसं काही झालं नाही. पितृपक्षात लग्न ठरवत नाहीत, आणि शांतारामआजोबांच्या घरात तर तेवढे दिवस नवा झाडूही आणत नाहीत. तेव्हा जे झालं ते झालंच नाही, असं धरून पुढे वाचायचं.

सुमेध मागल्या दारी केळीची पानं पुसत होता. शेजारी उमंग. उमंग विरारचा, चौथ्या मजल्यावरचा. चार वर्षं या वाडीत 'मित्र' म्हणून येत होता आणि दर वेळी निघताना आजोबा त्याच्या हातात पपई देत होते. आज सुमेध आजोबांना सांगणार होता की दसऱ्यानंतर कामण गावची मुलगी बघायला तो येणार नाही, आणि का येणार नाही. आठ दिवस बाथरूमच्या आरशासमोर सराव झाला होता. आरशाची काही हरकत नव्हती.

"पानं नीट मांड," आजोबा म्हणाले. "जोडप्याला अख्खं, एकट्याला अर्धं."

ही त्यांच्या घरची रीत. नवरा-बायको दोघं गेलेली असली की दोघांत मिळून एक अख्खं पान. बिनलग्नाचा गेला, तर अर्धं.

पणजोबा-पणजी, अख्खं. आजोबांची आत्या, अर्धं. मग आजोबांचे मधूकाका, जन्मभर ब्रह्मचारी. सुमेधने सुरी उचलली.

"ठेव ती खाली. ते अख्खं."

"पण ते तर एकटे होते ना?"

"कोण एकटा? पलीकडच्या वाडीतला इनास होता की! शंभर वर्षं झाली त्या गोष्टीला. विहीर दोघांत एक होती, मग चूलही एक झाली. तिकडे फादरनी इनासला सुनावलं, इकडे भटजींनी काकांना. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि केळींना पाणी लावायला गेले. तीस वर्षं." आजोबांनी पान सरळ केलं. "काका गेले त्या वर्षी माझ्या आईने अख्खं पान मांडलं. कोणी विचारलं की म्हणायची, मोजायला चुकलं. तेव्हापासून आम्ही दर वर्षी चुकतो."

सुमेधची आई लतिका वाढायला आली. त्या पानावर तिने वड्याशेजारी एक पाव ठेवला, नेहमीसारखा. सत्तावीस वर्षं सुमेधला वाटत होतं, पाव कावळ्याच्या आवडीचा आहे.

आरशासमोर पाठ केलेलं सगळं तो विसरला.

"आजोबा," तो म्हणाला, "पुढे माझंही अख्खंच लागेल."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उमंगकडे. उमंग पान इतकं पुसत होता की ते फाटलं.

"हा काय खातो?"

"पनीर चिली," उमंग घाबरून खरं बोलून गेला.

"कावळा शिवेल का पनीरला?" आजोबांना खरोखरच काळजी लागली.

"न शिवायला काय झालं," लतिका म्हणाली. "फक्त सुकी करायची. ग्रेव्ही पानावरून ओघळते."

"आणि कामणच्यांना काय सांगू?"

"सांगा, मोजायला चुकलं," लतिका म्हणाली.

आजोबा इतके हसले की समोरच्या आंब्यावरचा कावळा उडाला. तो परत येईपर्यंत सगळ्यांची जेवणं अडली.

"आता चुकायचं नाही," डोळे पुसत आजोबा म्हणाले. ते पंचायत समितीत हेडक्लार्क होते. "आज काही ठरत नसतं. पण अर्जाला मुहूर्त लागत नाही. उमंग, अक्षर बरं आहे ना तुझं? लिही."

उमंगने लिहिलं.

'प्रति, मा. विवाह निबंधक. विषय: मागील तारखेने नोंद करून मिळणेबाबत. महोदय, कै. मधू व कै. इनास हे सन १९२५ पासून एका चुलीवर सुखाने नांदले. तरी सदर नोंद त्याच सालच्या रजिस्टरात घेण्यात यावी, व तिच्याखाली आणखी दोन नावांपुरती जागा कोरी सोडण्यात यावी, ही नम्र विनंती. सोबत: केळीचे पान, अख्खे, एक नग.'